काढेवाली आई

"एकच घोट घ्यायचा आणि खोकायचं नाही," मुलानं कॅमेऱ्यामागून बजावलं.

आईनं मान डोलावली. महिनाभर खोकल्यानं तिचा पिच्छा पुरवला होता. ही खोली तिचीच, पण मुलानं इथं चूल, काळी भांडी आणि खलबत्ता मांडून जुनं स्वयंपाकघर उभं केलं होतं. तिचा पलंग गेला पॅसेजमध्ये. खरं स्वयंपाकघर पलीकडे होतं, आणि तिथं धूर झालेला सुनेला खपत नसे.

हाच मुलगा शाळेत असताना तिचा काढा नाक मुरडून मोरीत ओतायचा. "अडाणी उपाय सगळे," म्हणायचा. आता लाखो लोक तिचे व्हिडिओ बघत होते, आणि आईचे गोडवे गाताना त्याचं तोंड दुखत नव्हतं.

"आज तरी डॉक्टरकडे नेशील ना रे?"

"परवा नेलं होतं की! दारातच एका बाईनं ओळखलं, म्हणून परत फिरलो. काढेवाली आईच दवाखान्यात दिसली, तर लोक काय म्हणतील?"

"मी तोंड झाकून येते."

"आधी हे उरकू."

शूटिंगचा दिवा धरून उभी असलेली सून शिंकली. तिनं पर्समधून गोळी काढली, पाण्याबरोबर गिळली आणि पुन्हा दिवा धरला. आई त्या गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत राहिली. मागायचा काही धीर झाला नाही.

"हं, बोल."

"एक घोट घ्या, खोकला पळालाच समजा," आई हसून म्हणाली. तिनं पांढरा कप तोंडाला लावला आणि अशी उबळ आली की सगळा घोट कपातच परत आला. काढा लाल झाला होता.

रक्त बघून ती घाबरली. मग तिला सुटल्यासारखं वाटलं. आता तरी नेतील! तिनं कप मुलाच्या हातात दिला आणि दारापाशी जाऊन चपला शोधू लागली.

मुलगा बराच वेळ कपात बघत राहिला. मग त्यानं तो खिडकीत, उजेडाला ठेवला आणि कॅमेरा जवळ नेला.

"रंग झकास आलाय," तो बायकोला म्हणाला. "साहित्यात बीट टाक."

आईचा एक पाय चपलेत होता.

"किती लिहू?" सुनेनं विचारलं.

"अर्धं पुरे."