वरची माती

वाटणीत थोरल्या जावेच्या वाट्याला वरचा उतार आला आणि धाकटीच्या वाट्याला खालचं शेत. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. उतारावर गवताची काडीसुद्धा उरली नव्हती. यंदा थोरलीने कंबर कसली. उताराला आडवे चर खणले, दगडांचे बांध घातले, झाडांसाठी खड्डे घेतले. पण खड्ड्यांत नुसता मुरूम. कितीही पाणी घातलं तरी रोपं माना टाकू लागली, तशी ती डोक्याला हात लावून बसली.

एका सकाळी धाकटी डोक्यावर घमेलं घेऊन धापा टाकत वर आली. तिने घमेल्यातली मऊ माती एका रोपाच्या बुडाशी ओतली.

"तुझ्या शेतातली माती मला नको," थोरली म्हणाली.

"तुमचीच आहे, ताई. दर पावसात तुमच्या उतारावरून वाहून येते. माझं शेत पिकतं ते तिच्यावरच. लोक म्हणतात, धाकटीच्या हाताला गुण आहे. मीही ऐकून घेते."

थोरलीने ती माती चिमटीत घेऊन चुरून पाहिली. मग म्हणाली, "इथं झाडं धरली, तर माती इथंच थांबेल. तुझ्याकडे काहीच यायचं नाही."

"कळतं हो मला तेवढं." धाकटीने रिकामं घमेलं झटकलं. "पहिलं कसंबसं एकटीने उचललं. आता चला खाली, हात लावायला."