पिठल्याची तीट

वृंदा पिठल्याला मोरीत बसवून खसाखसा चोळत होती. कुत्रा एकेचाळीस वर्षांचा, ती चाळिशीची. आयुष्य वाढवणारी लस आल्यापासून घरोघरी कुत्री माणसांएवढी जगत होती. एरवी त्याला वृंदाचे वडील, दादा, अंघोळ घालत. पण आता त्यांचे हात थरथरायचे. शाम्पू संपला होता म्हणून तिने दुधात डाळीचं पीठ कालवलं, तर त्या वासाने स्वारी शेपूटच हलवायला लागली.

अंग पुसून, विंचरून झालं तरी पिठल्या उठेना. तोंड पुढे करून तसाच बसून राहिला.

“दादा, हा कशाची वाट बघतोय?”

दारात उभे दादा म्हणाले, “तुझी आई तुम्हा दोघांना पिठानेच न्हाऊ घालायची गं. मग काजळाची तीट लावायची.”

आई गेली तेव्हा वृंदा दहा महिन्यांची होती. तिला आईचं काहीच आठवत नव्हतं.

तिने काजळ आणलं, बोट पिठल्याच्या कपाळाशी नेलं. त्याने मान मागे घेतली आणि ओल्या नाकाने ते बोट तिच्याच गालाकडे ढकललं.

“आधी तुझी पाळी असायची,” दादा म्हणाले.

वृंदाने स्वतःच्या गालाला तीट लावली, तेव्हा कुठे पिठल्याने कपाळ पुढे केलं.