बाहेरची कडी
दंगलीत जळालेल्या घरांना सरकारने नवी दारं द्यायची ठरवली. काम पलीकडच्या वस्तीतल्या सुताराला मिळालं. एका म्हातारीच्या चौकटीत दार पहिल्याच फटक्यात बसलं. “माप घ्यायला तर तू आलाच नव्हतास,” ती म्हणाली. “अंदाजाने केलं, आजी.” सुतार बिजागरीवर वाकला. तिची लेकरं आत असताना जमावाने घर पेटवलं, तेव्हा दारावर आडवी ठोकलेली फळी त्यानेच कापली होती. ती लांबी त्याला अजून झोपू देत नव्हती. “आत जा,” म्हातारी म्हणाली, “बाहेरची कडी लागते का बघते.” तो आत गेला. कडी लागली. त्याने दार ढकललं, मग थापा मारल्या. बाहेर चिडीचूप. घामाने सदरा भिजला, तेव्हा कुठे दार उघडलं. म्हातारीने पाण्याचा पेला पुढे केला. “ही कडी काढून ने,” ती म्हणाली. “शेजारी राहायचंय आपल्याला.”