दहा सेकंद

समोसा अर्धाच खाऊन झाला होता, तेवढ्यात ऋजुताचा फोन वाजला. कंपनीच्या कॉल घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिने लिहिलेली नवी सोय दुपारीच सगळ्या ग्राहक-संस्थांकडे सुरू झाली होती: दहा सेकंद कोणी बोललं नाही, तर कॉल आपोआप बंद.

"मॅडम, महिला हेल्पलाइनवरून धुमाळ बोलतेय. तुमच्या मशीनने आमच्या एका बाईचा फोन कापला!"

"समोर कोणी बोलत नसेल, ताई."

"बोलत नाहीच ती. आठ दिवस नुसता श्वास ऐकू येतो. आज 'ताई' म्हणाली आणि गप्प झाली. तिला वाटलं असेल, मीच ठेवला."

चाचणीच्या वेळी ऋजुताने फोन रिकाम्या खुर्चीवर ठेवला होता. गप्प म्हणजे समोर कोणी नाही, असं तिने धरलं होतं.

तिने घाईघाईने हेल्पलाइनपुरती सोय बंद केली. "आता लावून बघा तिला."

"आम्ही उलट लावत नाही. नवऱ्याच्या हाती पडला तर?"

दोघी लाइनवर थांबल्या. पाऊण तासाने पलीकडे दुसरा फोन वाजला.

"तिचाच नंबर," धुमाळताई पुटपुटल्या. मग त्या फोनवर म्हणाल्या, "मी आहे गं."

उत्तर आलं नाही. ऋजुताच्या स्क्रीनवर त्या कॉलचे सेकंद सरकत होते. नऊ. दहा.

अकरा.