प्रांजलचा गुडघा

प्रांजलचा गुडघा सुजून कलिंगडाएवढा झाला होता, तरी बिरनाळे सरांनी तिला बास्केटबॉलच्या फायनलला उतरवलंच. "खेळ गं! कॉलेजची यंदाची सर्वोत्तम खेळाडू तूच." पोरीनं साताऱ्याच्या टीमला पार लोळवलं, अन् गुडघा कायमचा घालवून बसली.

आज सर्वोत्तम खेळाडूच्या निवडीवरनं स्टाफरूममध्ये नुसतं रणकंदन माजलं होतं. "प्रांजलच!" "छे, ब्राह्मी!" बाहेर प्रांजल कुबड्यांवर टेकून कान लावून उभी. अखेर सर घाम पुसत बाहेर आले.

"बक्षीस ब्राह्मीला दिलं गं. मीच सुचवलं. तिचं नाव झालं, म्हंजे पुढच्या वर्षीबी ती आपल्याकडनंच खेळंल. तू काय आता खेळणार न्हाईस."

जाता जाता सरांनी तिची पाठ थोपटली. "टाळ्या मात्र जोरात वाजव हां. हात धड हायत न्हवं तुझे?"