मांडी घालायची नाही

"उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवर तर बसायचंच नाही." डिस्चार्जच्या कागदावर बोट फिरवत फिजिओथेरपीवाली मुलगी मला वाचून दाखवत होती. माझा नवा गुडघा पट्टीत गच्च बांधलेला होता.

"किती दिवस?"

"कायमचं, काका."

माझं डोकंच फिरलं. मी तिला सुनावलं, चाळीस वर्षं मी दर गुरुवारी भजनाला पेटी वाजवली. दोन वर्षांपासून सतरंजीवर बसताच येईना, म्हणून तर एवढी चिरफाड करून घेतली!

"मग खुर्चीत बसून वाजवा ना. पेटी टेबलावर ठेवायची."

"देवाची तसबीर खाली पाटावर, आणि मी वर खुर्चीत? हे ऑपरेशनच्या आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही डॉक्टरांना विचारलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं, कुठं दुखतं. मी म्हटलं, गुडघा. बरा झाल्यावर त्या गुडघ्याचं करायचंय काय, हे विचारलं का कोणी?"

मग खिशातून पेन काढून तिनं यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली आणि कागद माझ्या हातात दिला.

'देवाला खुर्चीपेक्षा उंच टेबलावर बसवावे.'