झऱ्याच्या सहा बाटल्या

मंडपात मागची खुर्ची धरून बसायचं, हे सोपानने घरूनच ठरवलं होतं. पण सरपंच हौशीराम त्याला सोडतोय कसला! दंडाला धरून त्याने त्याला थेट पहिल्या ओळीत आणून बसवलं.

"पोस्टमन, आज पयला मान तुमचा," तो म्हणाला. "तुमच्या बाटल्यांवरच समदा खेळ हाय."

सोपानला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावामागच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होती. कंपनीला ती वाढवायची होती आणि त्यासाठी गावच्या गायरानातली ऐंशी एकर जमीन हवी होती. आज त्याचीच पर्यावरण सुनावणी. दोन हजार तीनचा उन्हाळा, शाळेच्या पटांगणात मंडप, जिल्ह्याहून आलेले साहेब आणि एका बाजूला कंपनीची इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं. खाणीने पाणी नासवलंय, आणखी खोदाल तर गाव उठेल, असं गावाचं म्हणणं. पाणी उत्तम आहे, असं कंपनीचं. म्हणून खाणीखालच्या झऱ्याचं पाणी पुण्याला तपासून घ्यायचं साहेबांनी ठरवलं होतं.

तेव्हा हौशीरामच अडून बसला होता. "कंपनीच्या मानसांनी पानी भरायचं न्हाई, साहेब. त्ये भलतीकडचंच भरत्याल. आमचा पोस्टमन भरंल. तीस वर्सं डाक वाटली त्यानं, एक कारड इकडचं तिकडं झालं न्हाई."

ते खरंही होतं. चिखल तुडवत सोपानने वाड्यावस्त्यांवर पत्रं न् मनिऑर्डरी पोचवल्या होत्या. त्यात दोन्ही गुडघे गेले, पण नाव राहिलं.

ते नाव त्याने एका सकाळी घालवलं.

साहेबांच्या माणसाने आदल्या दिवशी सहा बाटल्या आणि बर्फाचा डबा आणून दिला होता. झऱ्यापर्यंत दीड तासाची उभी चढण. परत येऊन दहाच्या जीपने डबा नारायणगावला द्यायचा. आणि नेमकी त्याच दिवशी त्याची एकुलती एक लेक प्रतीक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. सातवा लागलेला, हातात पिशव्या. तिला नारायणगावच्या स्टँडवर उतरवून घ्यायला बाप नको? अर्ध्या चढणीवर गुडघ्याने दगा दिला. सोपान दगडावर बसला, घड्याळ पाहिलं आणि माघारी फिरला. घरामागच्या स्वतःच्या आडावर त्याने सहाही बाटल्या भरल्या. वरच्या चिठ्ठ्यांवर मात्र सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाणीखालचा झरा.

हा आड त्याच्या बापाने खणलेला. गावच्या विहिरीत त्यांच्या वस्तीला पोहरा टाकू देत नव्हते, त्या काळात. पाणी लागलं ते काचेसारखं नितळ आणि गोड. आता तर ज्यांनी तेव्हा हाकललं त्यांचीच नातवंडं पावण्यांसाठी इथून कळशी भरून नेत होती. झऱ्याच्या पाण्याला गुरंसुद्धा तोंड लावत नव्हती, आणि सोपानने त्याच्या नावावर घरचं अमृत पाठवलं होतं. अहवाल चोख येणार, कंपनी जिंकणार, गायरान जाणार.

दीड महिना त्याला अन्न गोड लागलं नाही. बायकोला सांगावं म्हणून एकदा त्याने तोंड उघडलं. पण द्रौपदा बोटांवरच्या चट्ट्यांना खोबरेल चोळत बसली होती. "मेल्या साबनानं हात खाल्लं बगा माझं," ती म्हणाली, आणि त्याचं सांगणं राहून गेलं. रस्त्यात कुणी "जय भीम, तात्या" म्हटलं तरी तो मान वर करत नव्हता.

आज मात्र त्याने मनाशी पक्कं केलं होतं. अहवाल वाचण्याआधी उठायचं, सगळं सांगायचं, पाणी नव्याने तपासा म्हणून हात जोडायचे. अब्रू जाईल ती जाईल.

साहेब उभे राहिले. टेबलावरचा ग्लास उचलून त्यांनी घोट घेतला. "वा! पाणी छान गोड आहे हो."

"पोस्टमनच्याच आडाचं हाय, साहेब," हौशीराम म्हणाला. "सकाळीच कळश्या आनून ठिवल्यात."

सोपान ताडकन उठला. "साहेब, आदी माजं ऐका. माज्या हातून लई मोठी..."

"काका, आधी अहवाल. मग तुम्ही सावकाश बोला."

हौशीरामने खांद्यावर हात दाबून त्याला खाली बसवलं. आणि सोपान बसलाही. स्वतःची त्याला किळस आली.

साहेबांनी कागद उघडला. "सहाही बाटल्यांचा निष्कर्ष एकच आहे. या पाण्यात क्रोमियम नावाचा विषारी धातू मर्यादेच्या कितीतरी पट जास्त सापडलाय. कातडीवर चट्टे उठणं ही नुसती सुरुवात असते. हे पाणी कुणीही पिऊ नये. गरोदर बायकांनी तर थेंबसुद्धा घेऊ नये." त्यांनी चष्मा काढला. "खाण वाढवायला परवानगी देऊ नये, असं मी सरकारला कळवणार आहे."

मंडपात एकच गलका झाला. हलगी कडाडली. कंपनीची माणसं मुकाट्याने कागद आवरायला लागली. साहेबांसाठी आणलेला हार हौशीरामने सोपानच्याच गळ्यात घातला. "पोस्टमननं गाव वाचवलं रं!" तो ओरडला, आणि त्याच्यामागे सगळा गाव ओरडला.

"हौशीराम," सोपानने त्याची बाही धरली आणि तशीच सोडून दिली.

त्याने बायकांच्या बाजूला पाहिलं. आठवा भरत आलेली प्रतीक्षा घामाघूम होऊन कळशीपाशी उभी होती. हारातल्या बापाकडे बघून ती कौतुकाने हसली, कळशीत फुलपात्र बुडवलं आणि घटाघटा प्यायली.